एस्प्रेसो मशीन बिघडलं? आधी पाणी बघा, मग वीज, मग पाना हातात घ्या

सोलापुरात गिझरचं एलिमेंट किती महिन्यांत पांढरं होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला एस्प्रेसो मशीन का बंद पडतं हे निम्मं तरी कळलेलंच असतं. उरलेलं निम्मं म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते शोधणं. इथेच पैसे वाया जातात. मशीन थंड आहे म्हणून एलिमेंट मागवायचं, ते पुण्या-मुंबईहून येईपर्यंत चार दिवस काउंटर बंद ठेवायचा, आणि बसवताना लक्षात यायचं की सेफ्टी थर्मोस्टॅटचं (मशीन जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या भागाचं) लाल बटण दाबलं असतं तरी काम झालं असतं.

हा लेख दोन ग्रुपच्या (ग्रुप म्हणजे कॉफी जिथून पडते तो मशीनचा पुढचा भाग), हीट एक्स्चेंजर पद्धतीच्या मशीनबद्दल आहे. कॅफेत बहुतेक वेळा हेच मशीन दिसतं. यात १० ते १२ लिटरचा एकच बॉयलर असतो, आणि त्यातून प्रत्येक ग्रुपसाठी एकेक तांब्याची नळी आरपार गेलेली असते. कॉफीचं पाणी या नळीतून जाता जाता तापतं. बॉयलरमधलं पाणी कॉफीत येत नाही, ते वाफेसाठी आणि गरम पाण्याच्या नळासाठी असतं. एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचं सोपं जातं.

खोलण्याआधी

नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा. पाण्याचा कॉक बंद करा. दोन्ही स्टीम वाँड (वाफेच्या नळ्या) उघडून प्रेशर गेज शून्यावर येऊ द्या आणि त्यानंतरही किमान तासभर थांबा. चालू बॉयलरमध्ये १ बारला (बार हे दाबाचं एकक) पाणी सुमारे १२० अंशांवर असतं. नट ढिला झाला की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर येतं आणि हात भाजायला अर्धा सेकंद पुरतो. पंपाच्या मोटारीचा कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चार्ज धरून असू शकतो. इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला रेझिस्टर जोडून तो आधी रिकामा करा.

मल्टीमीटर, ॲलन कीचा संच, १० ते ३२ मिलिमीटरपर्यंतचे पाने, टेफ्लॉन टेप, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस आणि पोर्टाफिल्टरला (कॉफी भरून ग्रुपला अडकवायच्या दांडेवाल्या भागाला) लावायचं बिनभोकाचं फिल्टर जवळ ठेवा. मोबाइलही लागेल: प्रत्येक वायर काढण्याआधी तिचा फोटो काढा.

पाणी

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मशीन टाकीवर नाहीतर जारवर चालतं. यातून दोन वेगळे त्रास होतात.

पहिला त्रास पंप कोरडा चालण्याचा. रोटरी पंपाच्या आत कार्बनच्या पात्या असतात आणि त्यांचं वंगण म्हणजे पाणीच. टाकी रिकामी झालेली कोणाच्या लक्षात आली नाही आणि पंप काही मिनिटं कोरडा फिरला, की पात्या घासतात आणि पुन्हा कधी कॉफीला लागणारे ९ बार मिळत नाहीत. टाकी ग्रुपच्या डोक्यावर असेल तर ठीक. खाली जमिनीवर जार ठेवून रोटरी पंपाला पाणी ओढायला लावू नका, मध्ये छोटा डायफ्राम पंप घाला. टाकीतला फ्लोट स्विच मशीनच्या पंपाच्या वायरीत बसवून घ्यावा. हे काम कोणताही वायरमन करतो आणि पंपाच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

दुसरा त्रास क्षारांचा. बोअरचं पाणी असेल तर तो ठरलेलाच. लोक टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं प्रमाण, मिलिग्रॅम प्रति लिटर) मीटर बुडवून आकडा बघतात, पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, फक्त कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. जडपणा मोजायला थेंबांचं किट घ्या, मत्स्यालयाच्या दुकानातलंही चालतं. कॉफीसाठी टीडीएस १५० च्या आसपास आणि जडपणा ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति लिटर असावा.

मग आरओ लावा आणि निवांत व्हा, असं वाटेल. नुसत्या आरओच्या पाण्यावर मशीन चालवू नका. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी बघणारा प्रोब असतो. पाण्यातून किंचित वीज वाहते, त्यावरून पाणी आपल्यापर्यंत पोचलं हे त्याला कळतं. टीडीएस १५-२० वर आला की काही मशीनच्या प्रोबला समोरचं पाणी दिसतच नाही. तो भरत राहतो, बॉयलर तुडुंब होतो आणि स्टीम वाँडमधून वाफेऐवजी गरम पाण्याची पिचकारी उडते. शिवाय असं भुकेलेलं पाणी तांबं आणि पितळ खातं.

उपाय मिश्रणाचा. समजा आरओचं पाणी ३० टीडीएसचं आहे आणि गाळून घेतलेलं नळाचं पाणी ६०० चं. १२० हवं असेल तर २० लिटरच्या जारमध्ये ३ लिटरच्या थोडं वर नळाचं आणि बाकी आरओचं घाला. जारमधल्या पाण्याचा टीडीएस आणि जडपणा दोन्ही मोजून बघा, मगच पाइप जोडा.

वाफ म्हणजे शुद्ध पाणी, हे मशीन वापरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दूध तापवताना वाफ निघून जाते, क्षार मागे बॉयलरमध्येच राहतात आणि दिवसेंदिवस दाट होतात. म्हणून रात्री बंद करण्याआधी गरम पाण्याच्या नळातून दोन लिटर पाणी काढून टाकायचं. नवं पाणी आत येतं आणि क्षार साठण्याचा वेग कमी होतो.

वीज

दोन ग्रुपचं मशीन साधारण ३ ते ४ किलोवॅटचं. ३,५०० वॅटला २३० व्होल्टवर १५ अँपिअरहून जास्त लागतात. ते घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटवर रोज दहा तास चालवलं की सॉकेट तपकिरी होतं, मग काळं. स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरीखुरी अर्थिंग हवी.

उन्हाळ्यात दुपारी वाफ अचानक मंद झाली तर मशीन उघडण्याआधी व्होल्टेज मोजा. २३० चे २०० झाले की एलिमेंटची ताकद नुसती १३ टक्क्यांनी कमी होत नाही. ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे जवळजवळ पाव भागाने. त्यात दोष मशीनचा नाही. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर उलटं होतं: एका फेजवर ३०० व्होल्टच्या वर जाऊन कंट्रोल बोर्ड उडतो. बोर्ड बदलण्याआधी न्यूट्रलचा स्क्रू घट्ट आहे का ते बघा, नाहीतर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल.

मशीन सुरू आहे, पण तापत नाही

क्रमाने जा.

१. पॅनेल उघडून सेफ्टी थर्मोस्टॅटचं छोटं रीसेट बटण दाबा. टक असा आवाज आला तर तो उडालेला होता. पण तो का उडाला? बहुतेक वेळा बॉयलरमध्ये पाणी कमी होऊन एलिमेंट उघडं पडलेलं असतं. काचेच्या नळीत पातळी बघा आणि मगच मशीन सुरू करा.

२. वीज बंद करून एलिमेंटच्या वायरी काढा आणि ओहम मोजा. किती यायला हवेत हे स्वतः काढता येतं: २३० चा वर्ग, म्हणजे ५२,९००, भागिले वॅट. ३,००० वॅटला साधारण १७.६ ओहम. एलिमेंट तीन भागांचं असेल आणि प्रत्येक भाग १,२०० वॅटचा, तर प्रत्येकी ४४. मीटरवर काहीच दिसलं नाही तर वेटोळं तुटलंय.

३. एलिमेंट ठीक असेल तर प्रेशरस्टॅट, म्हणजे वाफेच्या दाबावरून एलिमेंट चालू-बंद करणारा स्विच. थंड मशीनमध्ये त्याचे संपर्क जुळलेले असायला हवेत. ते काळे पडून खड्डे पडलेले असतील तर पॉलिश पेपरने घासून आजचा दिवस निघेल, पण नवा मागवून ठेवा. संपर्क एकमेकांना चिकटून वितळले, तर मशीन तापतच राहतं. गेज १.५ बारच्या वर जाताना दिसलं की लगेच बंद करा. सेफ्टी वॉल्व्ह १.८ ते २ बारला उघडतो. त्यातून वाफ येते म्हणून तो पिळून बंद करण्याचा उद्योग कधीही करू नका.

तापताना आरसीसीबी पडत असेल तर एलिमेंटच्या बाहेरच्या धातूच्या नळीला चीर गेली असण्याची शक्यता मोठी. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) एलिमेंट आणि बॉयलरची बॉडी यांच्यात मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर बदला. सोलापुरात यंत्रमागांच्या मोटारी गुंडाळणाऱ्या दुकानांत मेगर असतो, तिथे एलिमेंट नेऊन तपासून घेता येतं. पंपाच्या मोटारीचं वाइंडिंगही हीच मंडळी करून देतात.

गेज १ बार दाखवतं, पण वाफेत दम नाही

सकाळी मशीन सुरू झालं, काटा वर आला, वाँड उघडला तर फुस्स. बॉयलरच्या डोक्यावर एक छोटा व्हॅक्यूम ब्रेकर असतो. पाणी तापताना आतली हवा त्यातून बाहेर जायची असते आणि वाफ आली की तो आपोआप मिटतो. क्षाराने तो मिटलेलाच अडकला तर हवा आतच कोंडते, आणि काटा त्या हवेचं प्रेशर दाखवतो. तात्पुरता उपाय म्हणजे तापत असताना एक वाँड उघडा ठेवायचा आणि सलग वाफ यायला लागली की बंद करायचा. कायमचा उपाय म्हणजे ब्रेकर काढून सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवा आणि आतला ओ-रिंग बदला. तो उघडाच अडकला असेल तर सतत फुसफुसतो, वरची कप ठेवायची जागा ओली होते आणि ते पाणी खालच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जातं. हे आजच आवरा, उद्यावर नको.

बॉयलर काठोकाठ भरतोय

आधी प्रोबची वायर काढून तिचं टोक बॉयलरच्या धातूला टेकवा. भरणं थांबलं तर बोर्ड चांगला आहे. प्रोबवर क्षाराचं कवच आहे किंवा पाणी फारच शुद्ध आहे. प्रोब काढून पॉलिश पेपरने स्वच्छ करा, आत किती खोल होता याची खूण आधी करून घ्या. थांबलं नाही तर वायर किंवा बोर्ड.

मशीन पूर्ण बंद असतानाही पातळी चढत असेल तर काचेवर स्केचपेनने खूण करून अर्धा तास थांबा. मग बॉयलर भरणाऱ्या सोलेनॉइडच्या (विजेवर उघडमिट होणाऱ्या वॉल्व्हच्या) बाहेरच्या बाजूचा पाइप सोडा. तिथून थेंब पडले तर तो वॉल्व्ह गळतोय, साफ करून चालेल. थेंब नाहीत आणि पातळी तरीही वाढते, तर हीट एक्स्चेंजरच्या नळीला छिद्र पडलंय. टाकीवरच्या पाण्याला जोर कमी असल्याने हे नुसतं थांबून कळत नाही. सोडलेल्या पाइपच्या जागी बूच लावा, बिनभोकाचं फिल्टर बसवून ग्रुप मिनिटभर चालवा आणि काच बघा. छिद्र निघालं तर हे ब्रेझिंगचं काम आहे आणि मशीनचा मेकॅनिक बोलवावाच लागतो.

एका ग्रुपमधून पाणी येत नाही, दुसरा ठणठणीत

हा बिघाड आला तर नशीबच म्हणा, कारण तुलनेला चांगला ग्रुप शेजारीच उभा आहे. दोन्ही पोर्टाफिल्टर काढा, प्रत्येक ग्रुप १० सेकंद चालवून पाणी मापात घ्या. फरक दिसला की तीन जागा बघायच्या.

पहिली म्हणजे ग्रुपच्या सोलेनॉइडची कॉइल. बटण दाबल्यावर कॉइलच्या डोक्याजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक नेलं तर ओढ जाणवायला हवी. वीज बंद करून दोन्ही कॉइलचे ओहम मोजा, आकडे जवळजवळ सारखे हवेत. कॉइल दांड्यावरून काढून ठेवलेली असताना तिला वीज देऊ नका, लगेच जळते.

दुसरी जागा जेट. ०.६ ते ०.८ मिलिमीटर भोकाचा हा इवलासा पितळी स्क्रू क्षाराच्या एका कणाने बंद होतो. सुई घालून कोरू नका. भोक मोठं झालं की कॉफीचा प्रवाह बिघडतो. सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा आणि उजेडासमोर धरून गोल दिसतंय का ते बघा.

तिसरी जागा फ्लोमीटर, म्हणजे ग्रुपला गेलेलं पाणी मोजणारा भाग. बटणांचे दिवे लुकलुकतात आणि शॉट (एका वेळची कॉफी) मधेच थांबतो किंवा थांबतच नाही, तेव्हा हा. आतलं छोटं पंखं चिकटलेलं असतं. चार स्क्रू काढा, धुवा, बोटाने फुंकर घातल्यासारखं हलकं फिरवून बघा.

तीन तोंडांचा सोलेनॉइड

शॉट संपल्यावर ड्रेनमध्ये फस्स आवाज यायचा बंद झाला आणि पोर्टाफिल्टर काढताना चिखल अंगावर उडाला, तर उरलेलं प्रेशर सोडणारा हा वॉल्व्ह तुंबलाय. ग्रुप बंद असूनही टपटपतो, तेव्हाही बहुतेक वेळा दोषी हाच.

मशीन थंड आणि प्रेशर शून्य. कॉइलवरचा नट काढा, कॉइल वर सरकवून बाजूला ठेवा. खालची पितळी नळी पान्याने सोडवा. आत स्प्रिंगसकट एक बोटाच्या पेराएवढा दांडा निघेल. त्याच्या टोकाला रबराची टिकली आहे. तिच्यावर गोल वळ उठलेला दिसतो. वळ उथळ असेल तर टिकली धुवून चालेल, नखाला खळगा लागत असेल तर दांडा बदला. खाली बघाल तर डांबरासारखा काळा कॉफीचा थर त्या बारीक भोकाभोवती बसलेला असतो. कॉफी मशीन धुण्याच्या पावडरच्या गरम द्रावणात सगळे भाग २० मिनिटं ठेवा, टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. ओ-रिंगला ग्रीसचा नुसता हात लावा. जोडताना स्प्रिंगची बाजू फोटोत बघून बसवा.

हा थर साठतो तो बॅकफ्लश, म्हणजे ग्रुप उलट्या प्रवाहाने धुणं, न केल्याने. बिनभोकाचं फिल्टर लावा, त्यात ३ ग्रॅम पावडर. १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. मग पावडरशिवाय पुन्हा पाच-सहा वेळा. नुसत्या पाण्याने रोज, पावडरने आठवड्यातून एकदा. ई ६१ नावाच्या लिव्हरवाल्या ग्रुपमध्ये पावडर फार वेळा वापरली तर लिव्हरच्या आतलं ग्रीस धुऊन जातं आणि लिव्हर करकरायला लागतो.

पंप

गुंगुं आवाज येतो पण फिरत नाही? मोटार आणि पंप यांच्यामधला क्लॅम्प सोडून दोघांना वेगळं करा. पंपाचा दांडा पक्कडीने हलकेच फिरतोय का बघा. फिरत नसेल तर पंप जाम. फिरत असेल आणि मोटार एकटीही सुटत नसेल तर कपॅसिटर बदला, वर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या.

पंप फिरतो पण ९ बार होत नाहीत, तेव्हा आधी पाणी पोचतंय का, मग पंपातली जाळी तुंबलीय का, आणि शेवटी पंपाचा दाब कमी-जास्त करणारा बाजूचा बायपास स्क्रू. बिनभोकाचं फिल्टर लावून ग्रुप चालवा, घड्याळाच्या दिशेने पाव फेरी द्या, गेज बघा, पुन्हा पाव. दोन पूर्ण फेऱ्या देऊनही काटा हलला नाही तर पात्या संपल्या. पंप आणि मोटार यांच्यामधल्या छोट्या भोकातून पाणी ठिबकलं, तर दांड्याचं सील गेलं. ते पाणी मोटारीत शिरण्याआधी पंप बदला.

पोर्टाफिल्टरच्या कडेने गळती

गॅस्केट, म्हणजे ग्रुपमधलं रबरी कडं. पोर्टाफिल्टरचा दांडा समोरून बघताना सहा वाजल्यासारखा सरळ तुमच्याकडे यायला हवा. तो उजवीकडे पाचच्या पुढे सरकत असेल तर गॅस्केट दबलंय. जुनं गॅस्केट इतकं कडक झालेलं असतं की सरळ निघत नाही. त्यात एक स्क्रू पिळा आणि पक्कडीने ओढा. खाच ब्रशने लख्ख करा, नाहीतर नवंही गळेल. गॅस्केट ८ आणि ८.५ मिलिमीटर अशा जाडीत मिळतं. नवं बसवल्यावर दांडा सातच्या आसपास अडला तर उत्तम, महिन्याभरात सहावर येतो.

सोलापुरात रबर शीट कापून गॅस्केट करून देणारे हुशार कारागीर आहेत. मागाला ते चालतं, इथे नको. ९० अंशांच्या पाण्यात आणि कॉफीच्या तेलात टिकणारं, खाण्याच्या वस्तूंसाठीचं रबर लागतं.

क्षार काढणं

थर पातळ असेल तर मशीन न उतरवता जमतं. बॉयलर रिकामा करा, लिटरला २५ ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं द्रावण प्रोबच्या भोकातून भरा, ६०-७० अंशांपर्यंत तापवून वीज बंद करा, तासभर ठेवा. द्रावण निळसर-हिरवं होऊ लागलं तर ॲसिड आता तांबं खातंय, लगेच ओता. मग किमान तीन वेळा स्वच्छ पाण्याने भरून रिकामा करा.

थर अंड्याच्या टरफलाएवढा जाड असेल तर हे करू नका. सुटलेल्या खपल्या जेटमध्ये आणि सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतात, आणि एका दुखण्याची पाच होतात. तेव्हा एलिमेंट उतरवून हाताने खपल्या काढाव्या लागतात. फ्लँजचं गॅस्केट मात्र प्रत्येक वेळी नवं घाला.

दोष मशीनचा नसतो तेव्हा

शॉट १५ सेकंदांत धावतोय, कॉफी आंबट आणि गेज बरोबर ९ बार दाखवतंय: ग्राइंडर बघा. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंदांत, हे प्रमाण धरून दळण बारीक-जाड करा. थर्मामीटर तपासायला उकळत्या पाण्यात बुडवलात आणि ९८.५ अंश दाखवले तर तो बिघडलेला नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी तेवढ्यालाच उकळतं.

दोन गॅस्केट, दोन जाळ्या, एक कॉइल, सोलेनॉइडचा एक दांडा, व्हॅक्यूम ब्रेकरचे ओ-रिंग आणि एक कपॅसिटर, एवढं डब्यात असू द्या, विशेषतः सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दुरुस्ती झाल्यावर पॅनेल लगेच लावू नका. मशीन उघडंच ठेवून तापवा, १.१ बारला काटा थांबतो का बघा, दोन्ही ग्रुप बिनभोकाच्या फिल्टरवर ९ बारला चालवा आणि अर्धा तास प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. कोरडा निघाला की मगच स्क्रू आवळा.